जिंजी पायथ्यावरूनच पाहिली. सहलीचे पैसे परत मागता येतील का?

प्रश्न : मी सोलापूरची निवृत्त शिक्षिका. नोव्हेंबरात मी आणि माझे यजमान पुण्याच्या एका सहल कंपनीबरोबर आठ दिवस तमिळनाडूला गेलो. दक्षिणेतल्या मराठेशाहीच्या खुणा दाखवणारी सहल, माणशी ४२,५०० रुपये. एक नामवंत इतिहास अभ्यासक पूर्णवेळ सोबत असतील असं माहितीपत्रकात छापलं होतं. चेन्नईला उतरल्यावर कळलं की ते येणार नाहीत. महाबलीपुरमहून जिंजीला जाताना बस कांचीपुरमला साडीच्या दुकानात अडीच-तीन तास थांबली. जिंजीला चार वाजता पोहोचलो, तेव्हा पहारेकऱ्यानं राजगिरीवर, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य डोंगरावर, सोडलं नाही. तंजावरला पाऊण वाजता गेलो तर मोठं देऊळ बंद झालेलं. ते चारला उघडणार होतं, पण तीनला बस मदुरैकडे निघाली. पावसामुळे गंगैकोंडचोळपुरम रद्द झालं, आणि मीनाक्षी मंदिरात मोबाइल नेऊ दिला नाही. कंपनी म्हणते, कार्यक्रमात बदल करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला होता, परतावा मिळणार नाही, वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात. फार तर किल्ल्याचं प्रवेशशुल्क परत करू आणि पुढच्या सहलीसाठी ५,००० रुपयांचं कूपन देऊ, त्यासाठी ‘काही तक्रार उरली नाही’ अशा कागदावर सही करा. मी सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळं लिहिलं, तर बदनामीचा दावा ठोकण्याची धमकी आली. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक काम करा, म्हणजे करू नका. त्या कूपनच्या कागदावर सही करू नका. ‘तक्रार उरली नाही’ असं एकदा लिहून दिलंत की पुढचं सगळं भांडण त्या सहीभोवतीच फिरत राहतं.

आता तुमच्या तक्रारी जरा निवडू या, कारण पत्रात दाणे आणि खडे एकत्र आलेत. मीनाक्षी मंदिरातली मोबाइलबंदी हा देवस्थानाचा नियम आहे, त्यात कंपनीचा काही दोष नाही. गंगैकोंडचोळपुरमही सोडून द्या. ईशान्य मोसमी पाऊस तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर कोसळतो. रस्त्यावर पाणी आलं म्हणून बस नेली नाही, तर ग्राहक आयोग त्याला सेवेतली त्रुटी म्हणणार नाही, उलट शहाणपण म्हणेल. हे दोन मुद्दे तक्रारीत घातलेत तर समोरचा वकील त्यांच्यावरच अर्धा तास बोलेल आणि खरी तक्रार मागे पडेल.

उरतात तीन गोष्टी : अभ्यासक, जिंजी आणि तंजावर. तुम्ही पैसे मोजलेत ते याच तिन्हींसाठी.

‘बदल करण्याचा हक्क’ हे कलम जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात असतं आणि ते निरर्थक नाही. आधी वेलूर मग जिंजी, या हॉटेलऐवजी त्या दर्जाचं दुसरं हॉटेल, असे बदल त्यात बसतात. पण ज्या गोष्टीसाठी सहल विकली तीच गाळण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर राजगिरीचं चित्र आहे. मराठी माणूस जिंजीला जातो तो छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथं पोहोचले म्हणून, आणि मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत त्या किल्ल्याभोवती अडकून पडला म्हणून. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. कंपनीनं हीच ओळ ठळक अक्षरांत छापून गिऱ्हाइकं जमवली. मग राजगिरीची एकही पायरी न चढवता प्रवेशशुल्क परत देतो म्हणणं हा चेष्टेचा प्रकार झाला.

उशीर का झाला, हा इथला कळीचा प्रश्न. घाटात दरड कोसळून तीन तास गेले असते तर मी तुम्हाला गप्प बसा म्हटलं असतं. इथं तीन तास साडीच्या दुकानात गेले, आणि ते दुकान छापील कार्यक्रमात कुठंही नव्हतं. अशा दुकानांकडून बसवाल्यांना काय मिळतं हे सगळे जाणतात, पण पुराव्याशिवाय तक्रारीत ‘कमिशन’ हा शब्द घालू नका. ‘कार्यक्रमात नसलेला थांबा’ एवढंच लिहा. तेवढं पुरतं.

कंपनीच्या उत्तरात एक मजेशीर वाक्य आहे : ‘आपण स्वतः तिथे ११,००० रुपयांची साडी खरेदी केली.’ तुम्ही यानं ओशाळलेल्या दिसता. ओशाळू नका. तीन तास दुकानात बसवून ठेवल्यावर बाई साडी घेणारच, त्यावरून किल्ला सोडून द्यायला तुमची संमती होती असं ठरत नाही. शिवाय त्या साडीचं बिल शोधून काढा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालच्या कोपऱ्यात दुपारी १.५२ अशी वेळ छापलेली दिसते. माहितीपत्रकानुसार त्या वेळी तुम्ही जिंजीत असायला हवं होतं. कंपनीनं उकरून काढलेला हा कागद तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा आहे.

तंजावरचं तर कारणही सापडत नाही. तमिळनाडूतली बहुतेक मोठी देवळं दुपारी बारा-साडेबाराला बंद होतात आणि चारच्या सुमारास उघडतात, हे तिथं सहली नेणाऱ्याला ठाऊक नसेल असं कोण मानेल? राजराज चोळाचं हजार वर्षांपूर्वीचं मंदिर तर चुकलंच. शिवाय त्याच मंदिराच्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. माहितीपत्रकात त्या शिलालेखाचं वाचन अभ्यासकांकडून होईल असं लिहिलंय. तक्रारीत ती ओळ जशीच्या तशी उतरवा.

आता अभ्यासकांचा मुद्दा. तुमच्या पत्रात तो तीन ओळींत येऊन जातो, माझ्या मते मात्र सगळ्यात जड तोच आहे. सोबतच्या एका प्रवाशानं त्यांना फोन केला, तेव्हा ‘मी दोन आठवडे आधीच नकार कळवला होता’ असं ते म्हणाले, असं तुम्ही लिहिता. हे खरं असेल तर प्रकरण अचानक उद्भवलेल्या अडचणीचं राहत नाही. कंपनीला माहीत होतं, तरी तिनं ते तुमच्यापासून दडवलं, आणि सहल रद्द करण्याची तुमची संधी हिरावली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘त्रुटी’ची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, आणि ग्राहकाला नुकसान होईल अशी संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणं तिच्यात स्पष्टपणे येतं. त्या अभ्यासकांना नम्रपणे विचारा : नकार कधी आणि कसा कळवला, एवढं दोन ओळींत लिहून द्याल का? ईमेल आला तरी चालेल. त्यांनी टाळलं तर राग धरू नका, त्यांनाही पुढे याच मंडळींबरोबर काम करायचं असतं. अशा वेळी ज्या प्रवाशानं फोन केला त्याचं शपथपत्र घ्या. ते ऐकीव म्हणून थोडं कमी पडेल. पण नकार नेमका कधी आला, ते कंपनीनं कागदानिशी सांगावं अशी मागणी आयोगापुढं करता येते.

पुण्याच्या न्यायालयाचं कलम विसरा. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. जुन्या, १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, म्हणून अनेक छापील अटी अजून जुन्या काळातच जगतात. तुम्ही सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात जा. मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं शुल्क नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लावण्याची सक्ती नाही. पैसे तुमच्या खात्यातून गेले असले तरी यजमानांनाही तक्रारदार करा. ज्यांच्यासाठी सेवा घेतली तेही ग्राहकच. मुदत घटनेपासून २ वर्षं.

‘परतावा नाही’ हे कलम अन्याय्य म्हणून रद्दच करून घ्यायचं असेल तर मात्र राज्य आयोगाकडे जावं लागतं. त्या फंदात पडू नका. कलम जागेवर राहू दे, सेवा दिलीच नाही एवढं जिल्हा आयोगात सिद्ध करा.

बाकीच्या वीस प्रवाशांना घेऊन एकत्र तक्रार करावी का, असंही तुम्ही विचारता. समान तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं सर्वांच्या वतीनं दाद मागता येते. पण ग्रुपवर ‘आम्ही तुमच्यासोबत’ म्हणणाऱ्यांपैकी शपथपत्राच्या दिवशी किती येतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तीन-चार ठाम माणसं असतील तर एकत्र या, नाहीतर तुम्ही दोघं पुरेसे आहात आणि बाकीच्यांपैकी दोघांची शपथपत्रं जोडा.

आधी नोटीस पाठवा. कायद्यानं ती सक्तीची नाही, पण बरीच प्रकरणं तिथंच मिटतात. स्पीड पोस्टानं आणि ईमेलनं, १५ दिवसांची मुदत देऊन. मजकूर साधा ठेवा, काहीसा असा :

‘आपल्या माहितीपत्रकात नमूद केलेले अभ्यासक सहलीत उपस्थित नव्हते व त्यांच्या अनुपस्थितीची माहिती आम्हांस प्रस्थानापूर्वी देण्यात आली नाही. कार्यक्रमात नसलेल्या थांब्यामुळे जिंजी किल्ल्यावर प्रवेश मिळाला नाही. तंजावर येथील मंदिर बंद असण्याच्या वेळेतच भेट आखण्यात आली. सबब सेवेतील त्रुटीपोटी रु. ४०,००० परत करावेत.’

हा आकडा कुठून आला? दोघांचे ८५,००० भागिले आठ दिवस, म्हणजे दिवसाला सुमारे १०,६००. दोन दिवस वाया गेले त्याचे २१,००० च्या आसपास, आणि अभ्यासक नसल्यानं उरलेल्या दिवसांची किंमतही घटली त्याचे बाकीचे. पूर्ण ८५,००० मागण्याचा मोह आवरा. महाबलीपुरम पाहिलंत, दारासुरम पाहिलंत, सात रात्री झोपलात, जेवलात. सगळेच पैसे मागणाऱ्याकडे आयोग जरा संशयानंच बघतो. मानसिक त्रास आणि खर्चाची रक्कम तक्रारीत वेगळी मागा, पण ती मागाल तेवढी मिळेल असं धरून चालू नका. पैसे मिळाल्याचं रीतसर बिल कंपनीनं दिलेलं नाही, हेही नोंदवा. बिल न देणं ही स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तक्रार दाखल झाली की नोटीस मिळाल्यापासून कंपनीला ३० दिवसांत म्हणणं मांडावं लागतं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. म्हणून कंपनीला नोटीस नेमकी कोणत्या दिवशी मिळाली ती तारीख टिपून ठेवा. निकाल तीन महिन्यांत लावावा असं कायदा सांगतो. तुम्ही वर्ष-दीड वर्षाची तयारी ठेवा. मधे आयोग मध्यस्थी सुचवेल, तेव्हा नको म्हणू नका. तिथं तीस-बत्तीस हजार थेट खात्यात येत असतील तर माझ्या मते घ्यावेत. कूपन मात्र कितीचंही असलं तरी नको.

फोन सध्या बदलू नका आणि चॅट पुसू नका. जिंजीच्या दाराशी आणि बंद देवळासमोर काढलेल्या फोटोंमध्ये वेळ नोंदलेली असते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली त्या फोटोंबरोबर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडता येतं, नमुना मी वेगळा पाठवतो.

राहिली बदनामीची धमकी. घडलं ते सद्भावनेनं, इतर ग्राहक सावध व्हावेत म्हणून लिहिलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे अपवाद तुमच्या बाजूनं उभे राहतात. तुमचा मजकूर मी वाचला. तारखा, वेळा, दुकान, बंद दरवाजा हे सगळं राहू द्या. शेवटच्या ओळीत ‘हे सगळे चोर आहेत’ असं लिहिलंय, ते मात्र काढा. त्याआधी त्या पूर्ण संदेशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मग तेवढी ओळ काढलेला मजकूर पुन्हा टाका.