पेसिंगच्या तारा सांभाळ

अगं, उद्यापासून तुला हार्टच्या आयसीयूत लहान मुलं मिळणार. बाळ ऑपरेशन थिएटरमधून आलं की छातीखालून निघालेल्या त्या बारीक पेसिंगच्या तारा आधी बघ, म्हणजे बाहेरच्या डब्यातून विजेचे हलके झटके देऊन हृदयाचे ठोके चालू ठेवणाऱ्या. साधारणपणे उजवीकडच्या हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, डावीकडच्या खालच्या. एकदा डायपर बदलताना माझ्या हातून एक तार ओढली गेली होती. पेसिंग तुटलं, मॉनिटरवर सरळ रेष आली. पुन्हा जोडेपर्यंतचे ते क्षण मी आजही विसरलेले नाही. म्हणून तारेला छोटा वेटोळा देऊन मगच चिकटपट्टी लाव, आणि पेसिंगच्या डब्याची जादा बॅटरी उशाशीच हवी.

व्हीएसडी म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक; त्याच्या कडेनंच हृदयाची वायरिंग जाते. ऑपरेशननंतर तिथं सूज आली की वरचा ठोका खाली पोचत नाही. बहुतेकदा ७ ते १० दिवसांत तो परत येतो, नाहीतर कायमचा पेसमेकर.

जेट (जंक्शनल एक्टोपिक टॅकिकार्डिया, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांच्या सांध्यातून सुटणारे जलद ठोके) मात्र उलटा, ठोके एकदम मिनिटाला १७० च्या वर. ताप त्याला भडकवतो. तापमान सतत बघ, अंगावरची पांघरुणं काढ, लगेच बारा लीडचा ईसीजी काढून डॉक्टरांना बोलाव. रडतंय म्हणून वाढलेत असं समजून थांबू नकोस.

आईला मात्र बाळाचं पाऊल धरू दे.