खिळे जुळवणारा कवी

प्रश्न : रॉबर्ट हेवर्ड बार्लोचे नाव अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचा तरुण मित्र आणि हौशी मासिकांचा प्रकाशक म्हणून वाचनात येते. त्याला कवी म्हणावे का?

उत्तर : जरूर म्हणावे. बार्लोचा जन्म १९१८चा, कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थचा. १९३१ साली, तेराव्या वर्षी त्याने लव्हक्राफ्टला पहिले पत्र लिहिले. विज्ञानकथा आणि अद्‌भुतकथांच्या चाहत्यांच्या पहिल्या पिढीतला हा मुलगा. अशा चाहत्यांनी काढलेल्या हौशी मासिकाला ‘फॅनझिन’ म्हणतात. हा शब्द १९४० साली घडला. त्याआधीच याची मासिके निघून बंदही झाली होती. पुढे तो कवी लॉरेन्स हार्टभोवती जमलेल्या, ‘ॲक्टिव्हिस्ट’ म्हणवणाऱ्या कवींमध्ये आला. या मंडळींचा आग्रह असा की कवितेतली प्रत्येक ओळ स्वतःच्या बळावर उभी राहावी. दोन चांगल्या ओळी सांधण्यापुरती तिसरी घालू नये. ‘पोएम्स फॉर अ कॉम्पिटिशन’ (१९४२) आणि ‘व्ह्यू फ्रॉम अ हिल’ (१९४७) हे त्याचे संग्रह. छोटेच आहेत, पण लव्हक्राफ्टचे नाव बाजूला ठेवून वाचावेत अशा योग्यतेचे आहेत.

प्रश्न : त्याची मासिके तो घरीच छापत असे म्हणतात. नेमकी कशी?

उत्तर : दोन मासिके, दोन तऱ्हा. ‘द ड्रॅगन-फ्लाय’चे दोन अंक (१९३५, १९३६) खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरे) जुळवून छापलेले, ‘लीव्हज’चे दोन अंक (१९३७, १९३८) सायक्लोस्टाईल केलेले.

खिळ्यांचे काम असे चाले. खणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलून हातातल्या स्टिकमध्ये (ओळ जुळवण्याच्या छोट्या तबकात) लावायचा, अक्षर उलटे ठेवून, पण डावीकडून उजवीकडेच. ओळ भरली की शब्दांमधल्या कोऱ्या पट्ट्या कमीजास्त करून ती घट्ट करायची. पान चौकटीत आवळायचे, शाईचा रूळ फिरवायचा, छापायचे. हौशी माणसाकडे खिळे थोडे, म्हणून एकदोन पाने छापून झाली की ती मोडायची, खिळे ज्याच्या त्याच्या खणात सोडायचे आणि पुढचे पान जुळवायचे. चुकांचे मूळ बहुधा इथेच. एक खिळा चुकीच्या खणात पडला की पुढच्या पानात नको ते अक्षर उगवते. ओळ सैल राहिली तर कोरी पट्टी हळूहळू वर येते आणि दोन शब्दांमध्ये काळा ठोकळा उमटतो. त्यावर पुन्हा आवळणे हा उपाय नव्हे. ओळ उघडून पातळ पट्टी घालावी लागते.

कविता जुळवताना आणखी एक गोष्ट घडते. ओळ इतकी सावकाश हातातून जाते की वृत्तातली अडखळ बोटांनाच कळते. लव्हक्राफ्टचा लेखकमित्र फ्रँक बेल्कनॅप लाँग याचा ‘द गॉब्लिन टॉवर’ हा कवितासंग्रह बार्लोने १९३५ साली फ्लोरिडात छापला. पाहुणा आलेला लव्हक्राफ्ट खिळे जुळवायला बसला आणि जुळवता जुळवता त्याने लाँगची काही सदोष वृत्ते दुरुस्तही केली. कवीसाठी याहून चांगली शाळा आमच्या मते नाही.

सायक्लोस्टाईलमध्ये टंकयंत्राची फीत बाजूला सारून मेणाच्या कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, अक्षरे ठोकतात. ठोक्याने मेण सरते आणि तेथून शाई झिरपते. ठोका जोरात पडला तर ‘ओ’सारख्या बंद अक्षराचे पोट गळून पडते आणि काळा ठिपका छापला जातो. हलका पडला तर अक्षर फिके. टंकाच्या खाचांत मळ साचला तरी फिकेच, म्हणून प्रत्येक स्टेन्सिलआधी टंक ब्रशने साफ करावेत. चूक झाल्यास दुरुस्तीचे द्रव लावावे, ते पूर्ण वाळू द्यावे आणि मगच नवे अक्षर ठोकावे. ओल्यावर ठोकले तर भोक पडते. कागद शाई पिणारा, जरा खरखरीत हवा. गुळगुळीत कागदावर शाई ओली राहते आणि वरच्या पानाच्या पाठीवर उतरते.

प्रश्न : बार्लो आणि लव्हक्राफ्टने स्मशानात बसून कविता लिहिल्या, हे खरे का?

उत्तर : खरे. ऑगस्ट १९३६, लव्हक्राफ्टच्या प्रॉव्हिडन्स गावातल्या सेंट जॉन चर्चची दफनभूमी. सोबत लेखक अडॉल्फ द कास्त्रो. प्रत्येकाने एडगर ॲलन पो या नावावर आद्याक्षरी सुनीत रचले, म्हणजे ओळींची पहिली अक्षरे जोडली की ते नाव तयार व्हावे. रोमन लिपीत या नावाची अक्षरे पाच, पाच आणि तीन, म्हणजे तेरा. सुनीताला ओळी लागतात चौदा. त्यामुळे एक ओळ कमी पडते आणि यमकांची नेहमीची घडी मोडावी लागते. असा प्रयत्न करणाऱ्याने आधी अक्षरे मोजावीत, यमके ठरवावीत आणि मगच पहिली ओळ लिहावी.

प्रश्न : ‘द शॅडो आउट ऑफ टाइम’चा मूळ पाठ बार्लोमुळे टिकला, तो कसा?

उत्तर : ही दीर्घकथा लव्हक्राफ्टने पेन्सिलीने वहीत लिहिली होती. १९३५च्या उन्हाळ्यात बार्लोने ती त्याच्या नकळत टंकलिखित केली आणि वही स्वतःकडे ठेवली. जून १९३६च्या ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’मध्ये कथा आली, पण लांब परिच्छेद तोडून. लव्हक्राफ्टच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, त्याचे बरेचसे कागद बार्लोने ब्राउन विद्यापीठाच्या ‘जॉन हे’ ग्रंथालयात पोचवायला सुरुवात केली. ही वही मात्र त्यात नव्हती. बार्लो मेक्सिकोत नाहुआत्ल या ॲझ्टेक लोकांच्या भाषेच्या कामात बुडाला, १९५० साली त्याने त्या भाषेत वृत्तपत्रही चालवले, आणि जानेवारी १९५१मध्ये बत्तिसाव्या वर्षी तो गेला. वही हवाई बेटांवर सापडली, १९९५ साली. तिच्यावरून सुधारलेला पाठ २००१मध्ये छापला गेला. ती वही आता ‘जॉन हे’ ग्रंथालयातच आहे.