परसबाग: तुमचे प्रश्न

प्रश्न: परभणीत घरामागे १५ बाय १० फूट जागा आहे. माती काळी, पावसात पाणी साचते. गेल्या वर्षी वांगी-मिरचीची रोपे पिवळी पडून मेली. गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे) करावेत का? काय केव्हा लावावे?

उत्तर: जरूर करा. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मुळे गुदमरतात. रोपे पिवळी पडली ती त्यामुळेच.

तुमच्या जागेत ८ बाय ३ फुटांचे तीन वाफे उत्तर-दक्षिण बसतात. दोन वाफ्यांमध्ये आणि कडेला दीड-दीड फुटाची वाट ठेवा. वाटेतली सहा इंच माती उकरून वाफ्यावर ओढली की निम्मी भर तिथूनच निघते आणि वाटेची चारी, म्हणजे पाणी वाहून नेणारा चर, होते. चारीला बाहेरच्या बाजूने उतार द्या, नाहीतर पाणी तिथेच तुंबेल. वाफ्याची उंची नऊ इंच धरा. दोन घमेली मातीला एक घमेले शेणखत, शिवाय वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड. वाळू घालू नका, थोड्या वाळूने काळी माती उलट घट्ट होते. शेणखत पूर्ण कुजलेले, हातात घेतल्यावर शेणाचा वास न येणारे हवे. ताज्या शेणाने मुळे भाजतात आणि हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते.

हे सारे मे महिन्यात, माती कोरडी असताना उरका. एकदा पाऊस लागला की वापसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निथळून माती भुसभुशीत होईपर्यंत, खुरपेही लावू नका. ओल्या मातीची ढेकळे वाळून विटेसारखी होतात, मग हंगामभर फुटत नाहीत. वाफ्यावर पाय तर कधीच देऊ नये.

मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार टोकून (एकेक बी बोटाने मातीत खोचून) घ्या. दोडका, कारली उत्तरेच्या टोकाला मांडवावर चढवा, म्हणजे सावली बाकीच्यांवर पडत नाही. वांगी-मिरचीचे बी जूनच्या सुरुवातीला ट्रेमध्ये टाका, पाचेक आठवड्यांनी रोपे लावा. गेल्या वर्षीच्या जागी मात्र नको. टोमॅटोही तिथे नको, रोग एकच. मुळा, गाजर, पालक सप्टेंबर अखेरपासून. लसूण, वाटाणा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मेथी एकदम सगळी न पेरता दर १५ दिवसांनी दोन ओळी पेरा.

उन्हाळ्यात गादीवाफा लवकर सुकतो. तेव्हा दोन-तीन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन हवेच.

प्रश्न: कोथिंबीर विरळ उगवते. बी खराब असेल का?

उत्तर: बहुधा धने अख्खे पेरले असतील. एका धन्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलक्या हाताने रगडून डाळ वेगळी करा, १२ तास भिजवा, अर्ध्या इंचापेक्षा खोल पेरू नका. वरून मातीऐवजी चाळलेले शेणखत टाका. काळ्या मातीची पापडी धरते आणि कोंब तिच्याखाली वाकून मरतो. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर झारीनेच पाणी द्या.