‘हळू वाजव’ म्हणजे नक्की कसं?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलंय: संगणकावरच्या पियानोत ‘डायनॅमिक्स’ आणि ‘व्हेलॉसिटी’ जुळवावी लागते. शब्दकोशात पहिल्याला ‘गतिकी’ आणि दुसरीला ‘वेग’ मिळतं. भजनी मंडळातल्या मुलांना शिकवताना हेच शब्द वापरू का?

नका वापरू. दोन्ही शब्द पदार्थविज्ञानाच्या वर्गातले आहेत. ‘वेग वाढव’ म्हटलं की पोर लय वाढवणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

घोळ आपल्या रोजच्या बोलण्यातच आहे. ‘हळू चाल’मध्ये हळू म्हणजे सावकाश, ‘हळू बोल, बाळ झोपलंय’मध्ये हळू म्हणजे बारीक आवाजात. ‘जोरात पळ’ आणि ‘जोरात ओरड’ यांचंही तेच. आपल्या बेळगाव भागात कानडीची मदत घ्यावी, तर ‘मेल्लगे’ हा शब्दही दोन्हीकडे चालतो, आणि ‘जोर’ तर दोन्ही भाषांत फारसीतूनच आलेला. परवा पुतण्याला म्हटलं, ‘हा अंतरा हळू वाजव.’ त्यानं लय निम्म्यावर आणली, स्वर मात्र होते तसेच दणदणीत. तेव्हापासून मी लयीसाठी ‘सावकाश’ आणि ‘जलद’, आवाजासाठी ‘बारीक’ आणि ‘मोठा’ एवढंच बोलतो. ‘टीव्ही बारीक कर’ हे घरोघरी म्हणतातच. पियानोचं नावही यातूनच आलंय. १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये क्रिस्तोफोरीनं घडवलेल्या वाद्याच्या नावात ‘पियानो ए फोर्ते’ असे शब्द होते, म्हणजे ‘बारीक आणि मोठा’.

डायनॅमिक्सला नवा शब्द घडवायची गरजच नाही. संगीतशास्त्राच्या मराठी पुस्तकांत नादाचे तीन गुण सांगतात: उच्चनीचता, जाती (म्हणजे स्वर कुठल्या वाद्याचा किंवा गळ्याचा ते) आणि लहानमोठेपणा. हा तिसरा गुण म्हणजेच डायनॅमिक्स. शब्द लांब आहे खरा, पण नेमका आहे.

व्हेलॉसिटीला मी ‘आघात’ म्हणतो. ‘वेग’ शास्त्राच्या दृष्टीनं चूक नाही. कीबोर्डच्या पट्टीखाली सहसा दोन संपर्क असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून आकडा ठरतो. वाद्यं आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत तो १ ते १२७ असतो, शून्य म्हणजे स्वर बंद. पण हा वेग पट्टी खाली जाण्याचा, गाण्याचा नव्हे. कानाला जाणवतो तो ठोका. तबलजींच्या तोंडी ‘आघात’ पिढ्यान्‌पिढ्या आहेच.

बेळगावात हा फरक शब्दांतून नीट दाखवायलाच हवा, कारण आपल्याकडे पोरं पेटीवरून पियानोकडे येतात. पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं हे गाव. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्यावर, पट्टी हळुवार दाबा की आपटा. त्यामुळे पेटीवर तयार झालेल्या बोटांना आघाताची सवयच नसते. पुतण्यानं अभंगाची चाल रेकॉर्ड केली तेव्हा पडद्यावर प्रत्येक स्वराखाली उभी रेघ दिसत होती: सा ४८, रे १०५, ग ६२. रे मध्येच किंचाळल्यासारखा येत होता. त्यानं आवाजाचा खटका खाली ओढला, तर सगळंच बारीक झालं आणि रे तसाच टोचत राहिला. चांगल्या व्हर्च्युअल पियानोत सहसा हलक्या आणि जोरकस आघातांची वेगवेगळी रेकॉर्डिंग असतात. हलक्या आघाताचा स्वर गोलसर, जोरकस आघाताचा धारदार. आवाज कमी केल्यानं धार जात नाही, तो धारदार स्वर फक्त लांबून आल्यासारखा वाटतो. रेची रेघ ६० वर आणली आणि ओळ एका श्वासात गायल्यासारखी झाली.

म्हणून मुलांना तीन शब्द वेगवेगळे द्या. ‘आवाज’ म्हणजे सगळ्याचा मिळून खटका, ‘आघात’ म्हणजे एकेका स्वराचा ठोका आणि ‘लहानमोठेपणा’ म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या स्वरातलं अंतर. सॉफ्टवेअरमधला डायनॅमिक्सचा खटका सहसा हे अंतरच कमीजास्त करतो. पुतण्याच्या वहीत त्या अंतऱ्यापुढे आता असं लिहिलंय: ‘लय तीच, आघात ६० च्या आसपास.’