कोपर वाकत नाही म्हणून पोरगा महिनाभर अडलाय, यात करिअर आहे का?

नमस्कार ताई, पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मुलगा अकरावी सायन्सला, घर भांडुपला, मामाचं ग्रिल-शटरचं फॅब्रिकेशनचं दुकान जवळच, आणि गणपती झाल्यापासून पोरगा क्लास सुटला की (कधीकधी क्लास न सुटताच) तिकडे पळतो, कारण त्याला अंगात घालून चालता येईल असा खराखुरा धातूचा सुपरहिरो सूट बनवायचाय. छाती-पाठ झाली, उजवा हात झाला, पण कोपर वाकवलं की पत्रा अडकतो म्हणून महिनाभर तिथेच अडलाय. मिस्टर म्हणतात भंगारवाल्याला देऊन टाका सगळं, क्लासची एवढी फी भरलीय. मुलगा म्हणतो मला आयुष्यात हेच करायचंय. आणि तुम्ही विचारताय हे बंद करावं का, यात काही करिअर आहे का, हात-बित कापून घेईल का, आणि भाऊ म्हणतो तसं त्याला दुकानावर बसवावं का.

पहिलं उत्तर लगेच देतो, बंद करू नका. वेळ बांधून द्या, त्याबद्दल पुढे लिहितो, पण बंद नका करू. कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते कोपराचं वाटलं. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, एवढा वेळ एका कोपरावर घालवला म्हणून. ताई, सुपरहिरो आवडणारी मुलं घरोघरी आहेत. पुठ्ठ्याचा मुखवटा करून चार फोटो टाकून दुसऱ्या दिवशी विसरणारीही पुष्कळ. पण हात वाकत नाही म्हणून परत पत्रा उघडायचा, परत कापायचा, परत घालून बघायचा, हे महिनाभर करणारं पोर फार कमी बघायला मिळतं.

आता ते कोपर अडकतं का ते सांगतो, म्हणजे मुलगा नेमकं कशाशी झगडतोय ते मिस्टरांनाही कळेल. आपण हात वाकवतो तेव्हा आतल्या बाजूला मांस गोळा होतं, त्याला जागा लागते, आणि बाहेरच्या बाजूला कातडी ताणली जाऊन अंतर वाढतं. पत्रा ना गोळा होतो ना ताणला जातो. म्हणून दोन नळ्या जोडून हात होत नाही, आतल्या बाजूला पत्रा खोलगट कापावा लागतो, बाहेरून कोपरावर वेगळी वाटी बसवावी लागते आणि तिच्या वरखाली एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या. हे सगळं फिरतं दोन रिव्हेटांवर, एक आत एक बाहेर, आणि ते रिव्हेट कोपराच्या दोन्ही बाजूंना जे हाडाचे उंचवटे हाताला लागतात ना, बरोब्बर त्यांच्या रेषेत यावे लागतात. अर्धा इंच जरी इकडेतिकडे झाले तरी हात वाकवताना अख्खी नळी वरखाली सरकते आणि कड दंडात रुतते. माझा अंदाज आहे तुमच्या मुलाचं नेमकं हेच होतंय. त्याला सांगा पत्र्याला हात लावूच नकोस आठ दिवस, जाड पुठ्ठा घे, रिव्हेटच्या जागी फायलीला लावतात ते पितळी फास्नर लाव, आणि हात पूर्ण वाकेपर्यंत भोकाची जागा बदलत राहा. पुठ्ठ्यावर जमलं की मगच तो नमुना पत्र्यावर ठेवून आखायचा. पुठ्ठा रद्दीत मिळतो, पत्र्याला पैसे पडतात.

आता करिअरचं. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था, बसमधून जाताना आपण सगळ्यांनी पाटी बघितलेली असते. तिथे बॅचलर इन प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स अशी डिग्री आहे, बारावी सायन्सनंतर, साडेचार वर्षांची, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. कृत्रिम हातपाय आणि पोलिओचे कॅलिपर वगैरे बनवायचं, माणसाच्या मापाने बसवायचं शिक्षण. कॅलिपर बघितलाय ना तुम्ही, पायाच्या दोन्ही बाजूंना स्टीलच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि गुडघ्याशी सांधा? त्या सांध्याचा आस माणसाच्या गुडघ्याच्या आसाशी जुळला नाही तर तो चालताना सरकतो आणि रुततो. म्हणजे तुमचा मुलगा मामाच्या दुकानात ज्या प्रश्नावर अडलाय तोच प्रश्न तिथे रोज पेशंटच्या अंगावर सोडवायचा असतो. मला हे लिहिताना खरंच फार बरं वाटतंय, कारण या कोर्सचं नाव आपल्याकडे दहातल्या एकाही आईबापाला माहीत नसतं आणि ज्या मुलाला हाताचं काम आवडतं, सायन्सही आहे आणि माणसांमध्येही राहायचंय त्याच्यासाठी इतकं चपखल शिक्षण मुंबईतच आहे. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास घडला तो डॉक्टर सेठींच्या बरोबरीने रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिरामुळे, जेमतेम शाळा शिकलेला मूर्तिकार माणूस. हाताला कळतं ते तिथे कामाला येतं. प्रवेशाचे नियम अधूनमधून बदलतात म्हणून बारावीच्या वर्षी त्या वर्षीची माहितीपुस्तिका आणून विषय आणि परीक्षा कोणती धरतात ते तपासा, आणि त्याच्या आधी एकदा मुलाला घेऊन तिथलं वर्कशॉप बघता येईल का विचारा.

दुसरी वाट डिझाइनची. पवईला आयआयटीत आयडीसी म्हणून डिझाइनचा विभाग आहे, १९६९ चा, तिथे चार वर्षांचं बी.डेस. म्हणजे डिझाइनची डिग्री होते, बारावी कुठल्याही शाखेची चालते, यूसीड नावाची परीक्षा द्यावी लागते आणि ती लागोपाठ दोनच वर्षं देता येते. जेईईपेक्षा ही परीक्षा वेगळी, चित्र काढायला लावतात, वस्तू फिरवली तर कशी दिसेल असले प्रश्न असतात, पत्रा दुमडून नमुने काढणाऱ्या मुलाला ते परकं नाही वाटणार. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची परीक्षा वेगळी. दोन्हीकडे स्पर्धा भयंकर आहे हे आधीच सांगतो, ह्याच एका वाटेवर सगळा भार टाकू नका.

तिसरी वाट आपली जे.जे., म्हणजे सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट. तिथे बी.एफ.ए. या कलेच्या डिग्रीत कलाधातुकाम असा विषयच आहे, मेटल वर्क. आणि हे आजचं नाही, १८५७ ला शाळा निघाली आणि १८६६ ला तिथे शोभेच्या लोखंडी कामाचं वर्कशॉप सुरू झालं होतं. मिस्टरांना वाटत असेल की कॉस्च्युम करणं हे काही काम झालं का, तर त्यांना आवर्जून सांगा की भारतात पहिलं ऑस्कर आलं ते १९८३ ला, आणि ते वेशभूषेसाठी, भानू अथय्यांना, त्या मूळच्या कोल्हापूरच्या आणि जे.जे.त शिकलेल्या. गोरेगावच्या चित्रनगरीत आणि बाहेरच्या शूटिंगला चिलखतं, मुकुट, मशीनसारखे पोशाख सतत लागतात. मात्र त्यात पहिली काही वर्षं पगार असा नसतो, कामावर काम मिळत जातं, पैसे उशिरा येतात, रात्री जागाव्या लागतात. घरी बॅकअप असेल आणि मुलाची तयारी असेल तर जरूर, नाहीतर हातात एक डिग्री किंवा ट्रेड ठेवून मग.

ट्रेड म्हटलं तर आयटीआय. फिटर दोन वर्षांचा, वेल्डर एक वर्षाचा, शीट मेटल वर्करही आहे, आणि मुंबईत मुलुंडचं आयटीआय तुम्हाला अगदी जवळ. सायन्सचा मुलगा आयटीआयला घालायचा म्हटलं की घरात सुतक येतं, पण दोन वर्षांचा ट्रेड केला की इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि बारावी सायन्सनंतरही तो मिळतो. बीई मेकॅनिकल तर आहेच, त्याबद्दल तुम्हाला क्लासवाले सांगतीलच, मी जागा घालवत नाही.

यातलं काय निवडायचं ते आज ठरवू नका. मुलाकडे नीट लक्ष द्या, त्याला मजा कशात येते. सूट घालून मित्रांसमोर उभं राहण्यात, रंग-पॉलिश आणि दिसण्यात, का आतलं सांधे-पट्टे-रिव्हेट जुळवण्यात? तिन्हींतून वेगवेगळ्या वाटा फुटतात. त्याला एक वही घालायला लावा, कोपराचा प्रत्येक फसलेला नमुना, फोटो, तारीख, का फसलं ते दोन ओळीत. पुढे कुठे काम दाखवायची वेळ आली तर चकचकीत सूटच्या फोटोपेक्षा अशी वही जास्त बोलते. आणि एका रविवारी त्याला फोर्टला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात घेऊन जा, तिथे अकबराचं पोलादी चिलखत आहे, १५८१ चं, छातीच्या पत्र्यावर अक्षरं कोरलेली. मिस्टरांनाही न्या. चारशे वर्षांपूर्वीच्या लोहारांनी कडा कशा वळवल्या, पट्टे कुठे लावले ते त्याने काचेला नाक लावून बघितलं पाहिजे.

हात कापण्याची तुमची भीती खरी आहे, ती नुसती आईची काळजी म्हणून सोडून देऊ नका. डोळ्याला गॉगल लावल्याशिवाय ग्राइंडर-ड्रिल चालू करायचं नाही, ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही, आणि ड्रिलवर काम करताना हँडग्लोव्हज घालायचे नाहीत कारण फिरत्या बिटात कापड अडकलं की हात ओढला जातो. हे पुष्कळ कारागीर पण पाळत नाहीत म्हणून मामाला सुद्धा सांगा. पत्रा कापला की लगेच कानस मारून कड बोथट करायची, आणि अंगाला लागणारी प्रत्येक कड दुमडून घ्यायची. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा तापवायचा नाही, वेल्डिंग तर नाहीच, त्यावरच्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. ॲल्युमिनियम ठोकून ठोकून कडक होतं आणि मग तडकतं, म्हणून ते मध्येच तापवून मऊ करावं लागतं, आणि गंमत अशी की ते लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही, ६६० डिग्रीला सरळ वितळतं. त्यासाठी जुन्या कारागिरांची युक्ती आहे, पत्र्यावर कपड्याच्या साबणाच्या रेघा ओढायच्या, मागून ज्योत फिरवायची आणि रेघा काळ्या पडल्या की लगेच थांबायचं. हे मामा शेजारी उभा असतानाच.

धातूबद्दल एक हिशोब त्याच्याकडून करून घ्या, फिजिक्सचा अभ्यास म्हणूनच. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर ॲल्युमिनियमचा पत्रा २.७ किलो भरतो, तेवढाच लोखंडी ७.८५ किलो. आता अख्ख्या सूटला किती पत्रा लागेल ते पुठ्ठ्याच्या नमुन्यांवरून काढ म्हणावं, म्हणजे पायाला लोखंड वापरायचं खूळ डोक्यात असेल तर आपोआप जाईल. वजन खांद्यावरून आणि कमरेच्या पट्ट्यावरून लटकलं पाहिजे, हातापायाच्या नळ्यांनी स्वतःचं वजन स्वतः पेलायचं नाही. आतून फोम, आणि सगळे पट्टे असे की दुसऱ्या माणसाला पटकन सोडता यावेत. मुंबईच्या दमट हवेत आत घाम जात नाही, दहा-पंधरा मिनिटांच्या वर घालायचा नाही आणि एकट्याने तर कधीच नाही. एलईडी लावणार असेल तर बॅटरी वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, अंगावर सगळीकडे धातू आहे, एक वायर उघडी पडली की शॉर्ट.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि रविवार सकाळ, बास. क्लास बुडवला तर त्या आठवड्याचा रविवार बंद, हे त्याच्याशी बोलून ठरवा, लादू नका. बारावीच्या दिवाळीपर्यंत सूट पूर्ण करायचा, नाही झाला तर परीक्षा होईपर्यंत गुंडाळून ठेवायचा. वर सांगितलेल्या बहुतेक वाटांना बारावी लागतेच हे त्याला माझ्या नावाने सांगा, कधीकधी बाहेरच्याचं ऐकतात मुलं. मिस्टरांना एक विनंती, एकदा दुकानात जाऊन त्याला विचारा की कोपर का अडकतं, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या.

राहिलं भावाचं, दुकानावर बसवायचं. आत्ता नको. अठराच्या आत ग्रिलच्या दुकानात कामगार म्हणून ठेवणं सुरक्षितही नाही आणि कायद्याच्या कचाट्यात सापडायची पाळी मामावरच येईल. शिकायला जाऊ दे, मामा शेजारी असताना, पत्रा आणि रिव्हेटचे पैसे घरून द्या म्हणजे भावालाही अवघड वाटणार नाही आणि मुलालाही सामान जपून वापरायची सवय लागेल. बारावीचे फॉर्म सुटतील तेव्हा ती वही घेऊन परत लिहा, कोपराचं काय झालं तेही कळवा.