एचआरमध्ये पुढे जाण्यासाठी नोकरी सोडून पूर्णवेळ पदवी घ्यावी का?

आपण पाच वर्षांपासून एचआर (मनुष्यबळ) विभागात एक्झिक्युटिव्ह म्हणून काम करत आहात. नव्या उमेदवारांची भरती, त्यांची रुजू होण्याची कागदपत्रे, हजेरी आणि पेरोलची माहिती एवढ्यातच काम अडकून पडले आहे आणि आपल्यानंतर आलेले, पण मनुष्यबळ व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी असलेले दोन सहकारी मॅनेजर झाले, हे आपण लिहिले आहे. म्हणून नोकरी सोडून दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा, शुल्काचा मोठा भाग शैक्षणिक कर्जातून आणि उरलेला ठेवी आणि निवृत्ती निधी मोडून भरावा, असा आपला विचार आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: पदवी जरूर घ्यावी, मात्र या मार्गाने आणि या घडीला नाही.

आपण पाठवलेले आकडे तुलनेला सोपे जावेत म्हणून आजचा हातात येणारा मासिक पगार 100 धरू. त्यापैकी 40 आपण घरी देता, 20 स्वतःसाठी लागतात, 15 विमा आणि जुन्या हप्त्यांत जातात व 25 शिल्लक राहतात. बँकेतील ठेवी 500 आणि निवृत्ती निधी 400 आहे. अभ्यासक्रमाचे शुल्क 2,000 असून त्यातले 1,400 कर्ज आणि 600 स्वतःचे, अशी आपली मांडणी आहे. या मांडणीत सर्वांत मोठा खर्चच आलेला नाही. तो म्हणजे दोन वर्षांचा बुडणारा पगार. दुसऱ्या वर्षी 8 टक्के वाढ धरली, तर हा पगार सुमारे 2,500 होतो, म्हणजे शुल्कापेक्षाही जास्त.

आता कर्जाकडे पाहू. दरवर्षी 700 उचलले आणि व्याजदर 10 टक्के असेल, तर शिक्षण संपेपर्यंत साध्या व्याजाने 210 चढतात आणि परतफेड 1,610 वर सुरू होते. सात वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता जवळपास 27 येतो व एकूण परतफेड सुमारे 2,245 होते. त्यात आपले 600 आणि बुडालेला पगार मिळवला, की या पदवीची खरी किंमत 5,300 च्या पुढे जाते, म्हणजे आजच्या हिशोबाने साडेचार वर्षांच्या कमाईपेक्षा थोडीशीच कमी.

ही रक्कम सात वर्षांत वसूल व्हायची, तर नवा पगार किती हवा? नोकरीत राहिलात तर दोन वर्षांनी आपण 117 च्या आसपास असाल. पुढे दोन्ही मार्गांवर सारखीच 8 टक्के वार्षिक वाढ धरली, तर पदवीनंतरची पहिलीच नोकरी साधारण 167 ची असायला हवी, आणि यात पैशाचे घटते मूल्य मी धरलेलेही नाही. असा पगार मिळतच नाही, असे मी म्हणत नाही. नामांकित संस्थांतून तो मिळतो. पण ज्या संस्थेचे माहितीपत्रक आपण पाठवले आहे, तिने सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांचा सरासरी पगार दिला आहे. सरासरी दोन-चार मोठ्या पॅकेजांनी वर जाते. आपल्याला हवा आहे तो केवळ एचआरमध्ये नेमल्या गेलेल्यांचा मध्यक पगार (ज्याहून निम्म्यांना जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो), तोही आपल्याएवढा अनुभव असलेल्यांचा. तो संस्थेकडे लेखी मागा आणि गेल्या दोन तुकड्यांतील माजी विद्यार्थ्यांशी स्वतः बोला. उत्तर टाळले गेले, तर त्यातूनही आपल्याला पुरेसे कळेल.

मला अधिक काळजी वाटते ती अभ्यासाच्या काळातील रोख पैशाची. घरी द्यायचे 40 आईवडील दोन वर्षे सोडायला तयार आहेत, हा त्यांचा मोठेपणा. तरीही स्वतःचा खर्च, विमा आणि हप्ते मिळून 35 दरमहा लागतीलच. शुल्काचे 600 दिल्यावर आपल्याकडे 300 उरतात आणि ते नवव्या महिन्यात संपतात. दुसरे वर्ष कशावर काढायचे, याचे उत्तर पत्रात नाही. शिवाय वडील दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत, म्हणजे 27 चा हप्ता सुरू होणे आणि घरची मिळकत कमी होणे नेमके एकाच वेळी घडेल. नोकरी मिळायला चार महिने उशीर झाला, तर घराला आधार देणारी कोणतीही शिल्लक नसेल. निवृत्ती निधीला तर हात लावूच नये. आज काढलेले 400 केवळ 400 नसतात. 8 टक्के चक्रवाढीने तीस वर्षांत त्यांचे जवळजवळ दहापट होतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण आपल्याला पदवीपेक्षा पुढची जबाबदारी हवी आहे. एचआरमधील पगार कशाने वाढतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकी व्यवस्थापनतज्ज्ञ डेव्ह उलरिच यांनी 1990 च्या दशकात या विभागाच्या चार भूमिका मांडल्या: प्रशासकीय तज्ज्ञ, कर्मचाऱ्यांचा पाठीराखा, बदल घडवणारा आणि व्यवसायाच्या धोरणातील भागीदार. आपले आजचे जवळपास सगळे काम पहिल्या भूमिकेत बसते. ते आवश्यक आहे, पण त्यातला बराच भाग आता सॉफ्टवेअरकडे जात असल्याने त्या कामाची किंमत फारशी वाढणार नाही. वेतनरचना आणि लाभ, कामगार कायदे व कर्मचारी संबंध, मनुष्यबळाच्या आकडेवारीचे विश्लेषण आणि एखाद्या विभागप्रमुखासोबत बसून त्याच्या मनुष्यबळाचे नियोजन करणारी एचआर बिझनेस पार्टनरची भूमिका, ही जास्त मोबदल्याची कामे आहेत. आपल्या त्या दोन सहकाऱ्यांना बढती मिळाली, तेव्हा त्यांच्याकडे पदवीबरोबर यांपैकी कोणते काम होते, हे एकदा बारकाईने तपासावे, असे मला मनापासून वाटते.

यातले एक काम आपण याच महिन्यात सुरू करू शकता. गेल्या दोन वर्षांत नोकरी सोडून गेलेल्यांची यादी आपल्याच पेरोलमध्ये आहे. प्रत्येकाच्या नावापुढे विभाग, वरिष्ठ आणि रुजू झाल्यापासून किती महिन्यांनी गेला, एवढे तीन रकाने भरा. बहुतेक जण पहिल्या सहा महिन्यांत गेले असतील, तर दोष निवडीत किंवा सुरुवातीच्या प्रशिक्षणात असण्याची शक्यता अधिक. दोन-तीन वर्षांनी जात असतील, तर वेतन आणि बढतीकडे पाहावे लागेल, आणि एकाच वरिष्ठाच्या हाताखालचे जात असतील, तर प्रश्नच वेगळा. मग एका जागेवर नवा माणूस आणून त्याला तयार करायला किती खर्च येतो, हे भरतीच्या बिलांवरून काढा आणि नावे वगळून ते एक पान आपल्या प्रमुखांसमोर ठेवा. मुलाखतीत अशा एका पानावर होणारे बोलणे पदवीच्या गुणपत्रिकेवर क्वचितच होते.

पदवीचे महत्त्व मी नाकारत नाही. अनेक मोठ्या कंपन्या वरिष्ठ पदांसाठी पदव्युत्तर शिक्षणाची अट ठेवतात आणि त्या अटीमुळे अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होतो. म्हणून आपण दुसरा पर्याय म्हणून लिहिलेला आठवड्याअखेरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला अधिक योग्य वाटतो. त्याचे शुल्क 480 आहे आणि ते चार सत्रांत भरायचे आहे, म्हणजे दरमहा 20 पडतात. आपल्या 25 च्या बचतीतून ते निघतात. 500 च्या ठेवी तशाच राहतात आणि आपला मासिक खर्च 75 असल्याने साडेसहा महिन्यांची आणीबाणीची तरतूदही शाबूत राहते. पगारात एरवी मिळाली असती त्याहून फक्त 10 ची जादा वाढ झाली, तरी चार वर्षांत पैसे वसूल होतात. मात्र अभ्यासक्रमाला मान्यता आहे का आणि आपल्याला हव्या असलेल्या कंपन्या ती पदवी पूर्णवेळ पदवीच्या बरोबरीची मानतात का, हे प्रवेशापूर्वी पडताळून घ्या.

व्यावसायिक प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. अमेरिकेतील एसएचआरएम या एचआर व्यावसायिकांच्या संघटनेचे सीपी प्रमाणपत्र बहुराष्ट्रीय कंपन्यांत ओळखले जाते, तर ब्रिटनमधील अशाच सीआयपीडी या संस्थेच्या अभ्यासक्रमाची सातवी पातळी पदव्युत्तर दर्जाची असून ती नोकरी सांभाळून करता येते. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर खर्च थांबत नाही. एसएचआरएम-सीपी टिकवायला दर तीन वर्षांनी व्यावसायिक विकासाचे 60 गुण जमवावे लागतात किंवा परीक्षा पुन्हा द्यावी लागते. पदवी आणि प्रमाणपत्र एकाच वेळी सुरू करू नका. कंपनीकडे प्रशिक्षणासाठी निधी असेल, तर प्रमाणपत्राचा खर्च तिथून मागा, आणि त्या बदल्यात किती काळ नोकरी सोडता येणार नाही, ही अट सही करण्यापूर्वी वाचा.

पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार मी तीन गोष्टी जुळल्या तरच पुन्हा करेन: शुल्काचा निम्मा भाग शिष्यवृत्तीतून सुटला, एचआरमधील मध्यक पगार 167 च्या वर असल्याचे लेखी मिळाले आणि निवृत्ती निधी न मोडता दोन वर्षांचा खर्च बाजूला निघाला. प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी संस्थेचे उत्तर आले, तर ते मला पाठवा. आपण नवे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करू.