नवीन फोनमध्ये नवीन काय?

प्रश्न: नमस्कार सर, ठाणे स्टेशनजवळ माझं मोबाईलचं छोटं दुकान आहे. आधी नवीन मॉडेल आलं की काय काय दाखवू असं व्हायचं, आता गिऱ्हाईक विचारतं "दादा, गेल्या वर्षीच्यापेक्षा ह्यात वेगळं काय?" आणि मी मेगापिक्सल सांगत बसतो. ह्या मोठ्या टेक कंपन्या खरंच अजून काही नवीन शोधतायत का, की नुसता पैसा ओढतायत?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: दादा, तुमचं गिऱ्हाईक बरोबर बोलतंय. २००७ ला आयफोन आला, पुढच्या वर्षी पहिला अँड्रॉइड फोन, आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत फोनमध्ये जे मोठं यायचं ते येऊन गेलं. आता दरवर्षी थोडी थोडी सुधारणा, ती खोटी नाही पण काउंटरवर दाखवण्याइतकी मोठीही नाही.

पण फोन म्हणजे सगळी टेक्नॉलॉजी नव्हे. ॲपलने २०२० मध्ये स्वतःची एम१ चिप लॅपटॉपमध्ये घातली, बॅटरी आणि स्पीड दोन्हीत एकदम मोठी उडी होती ती. गूगलच्या डीपमाइंडने प्रोटीनची रचना ओळखणारं अल्फाफोल्ड बनवलं, त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. याला संशोधन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं! (डीपमाइंड गूगलने २०१४ मध्ये विकत घेतलेली, हेही लक्षात ठेवा.)

मला खरी अडचण दुसरीकडे दिसते. ह्या कंपन्यांकडे हुशार माणसं भरपूर आहेत, पण जी नवी गोष्ट चालू धंद्याच्या मुळावर येईल ती बाहेर काढायला त्यांचा हात धजत नाही. आजचे एआय चॅटबॉट ज्यावर चालतात तो ट्रान्सफॉर्मर (विजेचा नव्हे, एआय मॉडेल बांधायची एक पद्धत) २०१७ मध्ये गूगलच्याच आठ जणांनी मांडला, आणि लोकांच्या हातात चॅटजीपीटी दिलं कोणी तर ओपनएआयने, नोव्हेंबर २०२२ मध्ये, जी तेव्हा गूगलपुढे अगदीच लहान होती. गूगलला चुकीच्या उत्तरांची भीती होती हे मान्य, पण त्यांची मुख्य कमाई सर्चमधल्या जाहिरातींची, आणि माणसाला थेट उत्तर मिळालं तर तो जाहिरातीवर क्लिक कशाला करेल? ते आठही जण पुढे गूगल सोडून गेले.

त्यात आहे ती जागा राखायला पैसा किती जातो बघा. आपलंच सर्च फोन आणि ब्राउझरमध्ये आधीपासून सेट असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले, हा आकडा अमेरिकेतल्या कोर्टकेसमध्ये बाहेर आला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या जजने सर्चमध्ये गूगलची बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतलं, म्हणजे उद्या स्पर्धा करू शकणारी दोन्ही ॲप्स आपल्याच घरात. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण ती वेगळी राहिली असती तर काय घडलं असतं हे आपल्याला कधीच कळणार नाही.

दार उघडं ठेवलं की काय होतं ते तर तुमच्याच काउंटरवर आहे. यूपीआय २०१६ मध्ये एनपीसीआयने (देशातली पेमेंट यंत्रणा चालवणारी संस्था) आणलं, नियम सगळ्यांना सारखे, त्यामुळे तुमच्या क्यूआरवर गिऱ्हाईक कुठल्याही ॲपने पैसे देतं आणि गूगलला सुद्धा २०१७ मध्ये त्याच रस्त्यावर स्वतःचं ॲप घेऊन यावं लागलं. अमेरिकेतही १९५६ मध्ये सरकारने एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला तोवरची पेटंट्स इतरांना फुकट वापरू द्यायला लावली होती, आणि त्यात तिच्याच बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या ट्रान्झिस्टरची (ज्यावर आजची प्रत्येक चिप चालते) पेटंट्स होती! म्हणून कंपन्या नवीन काही करतील का ह्यापेक्षा त्यांना बाजूच्याची भीती उरलीय का, हे मी आधी बघतो.

आता तुमच्या गिऱ्हाईकाचं. त्याला मेगापिक्सल नका सांगू, अपडेट किती वर्षं मिळणार ते सांगा, गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस२४ पासून त्या दोन कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनना सात वर्षांचं आश्वासन दिलंय. आणि जुना फोन नीट चालत असेल, अपडेटही येत असतील, तर आधी बॅटरी बदलून द्या.